जुन्या रॅलेचा अडकलेला सीट पिलर

प्रश्न : स. न. वि. वि. माझ्या आजोबांची रॅले सायकल आमच्या रत्नागिरीजवळच्या घरी पडवीत गेली तीस-पस्तीस वर्षे टांगून ठेवलेली आहे. फ्रेम २२ इंची आहे. आजोबा चांगले सहा फूट उंच असल्याने सीट बरीच वर घेतलेली आहे. माझी उंची पाच फूट सात इंच असल्यामुळे ती तीन इंच तरी खाली घेणे भाग आहे; पण सीटखालचा पाइप तसूभरही हलत नाही. सीट बोल्ट सैल केला, फटीत चार दिवस खोबरेल सोडले, गावातल्या मिस्त्रींनी सीट दोन्ही हातांनी धरून पिळून पाहिली. तेव्हा सीट पाइपावर गरकन फिरली, पाइप मात्र जागचा हलला नाही. आता मिस्त्री म्हणतात की एक तर गॅसने तापवू, नाही तर घणाने ठोकून खाली घालवू. काळा रंग, सोनेरी रेघा आणि पुढचा बगळ्याचा बिल्ला अजून शाबूत आहे, तो घालवण्याची इच्छा नाही. काय करावे?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : मिस्त्रींना तूर्त दोन्ही गोष्टींपासून थांबवावे. घण तर आणूच नये. पाइप खाली घालायचा आहे, मग वरून ठोकले तर बिघडले कुठे, असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु हा पाइप, ज्याला दुकानात सीट पिलर म्हणतात, फ्रेमच्या उभ्या नळीत जिथवर बसलेला आहे त्याच्या खाली नळीची आतली बाजू वर्षानुवर्षे उघडी राहून गंजाने खडबडीत झालेली असते. ठोकलेला पिलर त्या खडबडीत भागात पाचरीसारखा शिरतो आणि इंचभर खाली जाऊन असा बसतो की त्यानंतर तो ना वर येतो, ना खाली जातो. शिवाय पकडायला वर उरलेला भागही तेवढाच कमी होतो. म्हणून पिलर आधी पूर्ण बाहेर काढावा, नळी साफ करावी आणि मगच तो हवा तेवढा खाली बसवावा, हाच क्रम ठेवावा.

त्याआधी एक हिशेब करून घ्यावा. फ्रेमचे २२ इंच, क्रँकचे म्हणजे पेडलच्या दांड्याचे साडेसहा आणि स्प्रिंगच्या सीटचे साडेतीन-चार इंच धरले, तर पिलर पूर्ण खाली गेल्यावरही सीटचा माथा आणि खालचे पेडल यांत सुमारे ३२ इंच अंतर उरते. आपल्या उंचीच्या माणसाला ते साधारणपणे जमते; पण पडवीतून सायकल उतरवून एकदा मोजून पाहावे, म्हणजे एवढा खटाटोप फुकट जाणार नाही.

आता तो हलत का नाही ते पाहू. रॅलेच्या या जुन्या सायकलींत पिलरही लोखंडी आणि नळीही लोखंडी असते, पिलरचा व्यास बहुधा एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर असतो आणि तो उभ्या नळीच्या वरच्या तोंडाशी असलेल्या सांध्यात इतका नेमका बसवलेला असतो की दोहोंमध्ये केसाएवढीच जागा राहते. सांध्याच्या मागच्या बाजूला जी उभी फट आहे तिच्यावर मागच्या चाकाचे पाणी उडते आणि ते आत झिरपते. आपल्याकडे त्यात खाऱ्या हवेची भर. लोखंड गंजले की गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी पट जास्त जागा लागते. जागा तर नाही, म्हणून तो गंजच पिलरला चहूबाजूंनी आवळून धरतो. म्हणजे आपला झगडा पिलरच्या वजनाशी किंवा लांबीशी नाही, गंजाच्या कागदाएवढ्या थराशी आहे, आणि तो थर ओढून तुटत नाही. तो भिजवून, हादरवून आणि मग पिळून मोडावा लागतो.

सुरुवात सीट बोल्टपासून करावी. आपण तो सैल केला असे लिहिले आहे. तो पूर्ण काढावा. अनेक जुन्या बोल्टांच्या डोक्याखाली एक छोटी खुंटी असते आणि ती सांध्याच्या कानातल्या, म्हणजे फटीच्या बाजूला बोल्ट जातो त्या पुढे आलेल्या भागातल्या, खाचेत बसून बोल्टला फिरू देत नाही, म्हणून पाना डोक्याला न लावता नटाला लावावा. या नटांची मापे जुनी इंग्रजी असल्यामुळे हल्लीचे मिलिमीटरचे पाने एक तर बसत नाहीत किंवा सैल बसून नटाचे कोपरे खातात; जुन्या मिस्त्रीकडे इंग्रजी पाने असतील तर तेच मागून घ्यावेत. काही फ्रेममध्ये मागच्या बारीक नळ्यांची टोकेही याच बोल्टात अडकवलेली असतात. तसे असेल तर बोल्ट निघाल्यावर त्या सैल होतील, त्याने घाबरून जाऊ नये.

बोल्ट निघाला की मागची फट पेचकस घालून फाकवण्याचा मोह होतो. तो आवरावा. मी स्वतः पहिल्यांदा असा पिलर काढायला बसलो तेव्हा फटीत रुंद पेचकस ठेवून वर हातोडीचे दोन घाव घातले आणि दुसऱ्याच घावाला सांध्याचा एक कान मुळापासून तडकला. तो पितळेने जोडून घ्यावा लागला, जोडताना आजूबाजूचा रंग वीतभर जळाला आणि पिलर होता तिथेच राहिला. फटीत तेल सोडावे, याहून जास्त त्या फटीकडून काही मागू नये.

खोबरेलाचा उपयोग झाला नाही यात नवल नाही. ते जाड असते आणि २४ अंशांच्या खाली थिजते, त्यामुळे केसाएवढ्या जागेत शिरण्याऐवजी तिचे तोंडच बुजवते. आधी फडके रॉकेलमध्ये बुडवून ते पुसून काढावे आणि गंज सोडवण्यासाठी बाजारात जे पातळ तेल मिळते ते वापरावे. सर्वांच्या तोंडी असलेले डब्ल्यूडी-४० हे मुळात पाणी हटवण्यासाठी बनवलेले आहे; दुसरे काही मिळाले नाही तर ते चालेल, पण खास गंजासाठीचे तेल त्याहून बरे. ॲसिटोन आणि गाडीच्या गिअरबॉक्सचे तेल निम्मे-निम्मे मिसळून वापरा, असा सल्ला कोणी देईल. ते मिश्रण आत चांगले शिरते हे खरे, परंतु ॲसिटोन जुना रंग आणि सोनेरी रेघा दोन्ही विरघळवते, म्हणून आपल्या सायकलीजवळ ते आणू नये. कोला ओतण्याचा सल्लाही ऐकू येतो. त्यातले आम्ल नावापुरते आणि साखर भरपूर, तेव्हा नंतर मुंग्यांचाही बंदोबस्त करावा लागेल.

तेल वरून सोडले की सांध्याच्या तोंडाशी असलेला अर्धा-पाऊण इंच भिजतो, खालचा भाग कोरडाच राहतो. म्हणून ते खालूनही पोहोचवावे लागते, आणि त्यासाठी जी युक्ती आहे ती थोडी खटपटीची असली तरी माझ्या अनुभवात निम्म्याहून अधिक पिलर तिनेच सुटले आहेत. दोन्ही क्रँकच्या कॉटर पिना, म्हणजे क्रँक एक्सलवर घट्ट धरणाऱ्या पाचरी, काढून क्रँक उतरवावेत; पिन ठोकताना क्रँकखाली लोखंडी पाइपाचा किंवा लाकडाचा भक्कम टेकू द्यावा, नाही तर सगळा मार आतल्या छऱ्यांवर बसतो. मग बीबीचा, म्हणजे क्रँकचा एक्सल ज्या आडव्या नळीत फिरतो तिचा, छरे धरणारा एक कप आणि एक्सल बाहेर काढावा. प्रत्येक बाजूला पाव इंची ११ छरे असतात, ते वाटीत मोजून ठेवावेत. आता बीबीच्या पोकळीतून विजेरी मारली तर बहुतेक फ्रेममध्ये उभ्या नळीचे तोंड दिसते. सीट उतरवून पिलरचे वरचे तोंड लाकडी बुचाने घट्ट बंद करावे, कारण पिलर पोकळ असतो आणि बूच विसरले तर सगळे तेल त्याच्या पोटातून थेट जमिनीवर येते. मग फ्रेम उलटी करून टांगावी आणि बीबीतून पेलाभर तेल नळीत सोडावे. ते पिलरच्या बाहेरून उतरत सांध्यापर्यंत येते. दोन-तीन दिवसांनी सांध्याच्या फटीशी विटकरी रंगाचा ओला डाग दिसू लागला की तेल आरपार झाले असे समजावे. तो डाग दिसेपर्यंत पिलरला हात लावण्यात अर्थ नाही. आठवडा लागला तर लागू द्यावा. सायकल तीस वर्षे थांबलेली आहे.

या आठवड्यात रोज एकदा उकळते पाणी सांध्याभोवती गुंडाळलेल्या फडक्यावर हळूहळू ओतावे आणि फडके निवेपर्यंत थांबावे. तापून-निवून गंजाच्या थराला बारीक तडे जातात आणि तेल त्यात शिरते. गॅसच्या ज्योतीने हेच काम होते, पण तिचा लाभ लोक समजतात तेवढा नसतो. एक इंच व्यासाचे लोखंड १०० अंशांनी तापवले तर ते जेमतेम ०.०३ मिलिमीटर फुगते, आणि तेवढाही फायदा आतला पिलर थंड राहिला तरच. लोखंडाला लोखंड चिकटलेले असताना तोही थोड्या वेळात तापतो. रंग मात्र नक्की जळतो. त्यातही नळीत तेल भरलेले असताना ज्योत जवळ नेणे म्हणजे आग ओढवून घेणे आहे. उकळत्या पाण्याने रंग जात नाही, म्हणून मी तेच सुचवतो.

त्याचबरोबर पिलरच्या डोक्यावर कठीण लाकडाचा ठोकळा धरून छोट्या हातोडीने टकटक करावी. जोर नको, दरवाजावर बोटाने वाजवावे तसे पन्नास-साठ हलके ठोके द्यावेत. पिलर यात खाली जाता कामा नये. फक्त हादरे बसावेत. कान देऊन ऐकल्यास ठोक्याचा आवाज आठवड्यात बदललेला जाणवतो: पहिल्या दिवशी सगळी फ्रेम घंटेसारखी वाजते, आणि पिलर आतून सुटू लागला की आवाज बद्द होतो.

यानंतर पिळणे. मिस्त्रींनी सीट धरून पिळले तेव्हा जोर त्यांचा कमी नव्हता. सीटचे नाक पिलरपासून सहा-सात इंचांवर असते, म्हणजे दांडा आखूड, आणि तोही एका क्लँपच्या भरवशावर. त्याऐवजी फ्रेमचाच दांडा करावा. एखाद्या वर्कशॉपमध्ये टेबलाला पक्का बोल्ट केलेला मोठा व्हाइस म्हणजे शिकंजा असतो, तिथे सायकल चाके, मडगार्ड आणि हँडल काढून न्यावी. पिलरच्या वरच्या भागावर कानशीने समोरासमोर दोन सपाट बाजू काढाव्यात आणि पोकळीत बसेल अशी सळई आत घालावी, म्हणजे व्हाइस आवळल्यावर पिलर चेपणार नाही. मग फ्रेम उलटी करून पिलर व्हाइसमध्ये जितका आवळता येईल तितका आवळावा. आता एकाने पुढची, हँडल बसते ती नळी धरावी, दुसऱ्याने मागच्या चाकाची जागा धरावी आणि दोघांनी एकाच वेळी फ्रेम गोल फिरवावी. इथे हाताचा जोर पिलरपासून जवळजवळ दोन फुटांवर लागतो. झटका न देता जोर वाढवत न्यावा, दहा आकडे मोजेपर्यंत धरावा आणि मग उलट बाजूला तेवढाच द्यावा. पिलरला आटे नसतात, त्यामुळे कोणतीही दिशा चालते.

सुटताना एक कर्रकन आवाज येतो आणि फ्रेम पाव इंच सरकते. काहीतरी मोडलेच असे पहिल्या वेळी वाटते. मोडतो तो गंज. त्या क्षणी उत्साहाने पूर्ण फेरा मारू नये. पुन्हा तेल सोडावे, पुन्हा मागे-पुढे करावे, आणि फिरणे सैल झाल्यावर फिरवत-फिरवतच वर ओढावे. नुसता सरळ ओढलेला पिलर निम्म्यात पुन्हा धरतो. पिलरवर व्हाइसचे वण उठतील, कानशीने तो विद्रूप होईल, होऊ द्यावा. नवा पिलर कोणत्याही सायकलच्या दुकानात मिळतो, ती फ्रेम मिळत नाही. याच हिशेबाने पाइपपाना लावायचा तर तोही पिलरलाच लावावा, सांध्याला कधीही नाही. रॅलेच्या अनेक फ्रेमचा क्रमांक त्याच सांध्यावर ठोकलेला असतो आणि पान्याचे दात त्यावरून फिरले की सायकलीची ओळखच पुसली जाते.

दोन आठवडे करूनही पिलर हलला नाही, तर तो सांध्याच्या वर इंचभर ठेवून कापावा आणि हॅकसॉचे नुसते पाते, एका टोकाला फडके गुंडाळून, पोकळीत घालून पिलर आतून उभा चिरावा. लोखंडी पिलरला हे काम दोन-तीन बैठकांचे आहे. मधूनमधून विजेरीने पाहावे. चीर पिलर ओलांडून नळीत जाऊ लागली की थांबावे. अशा समोरासमोर दोन चिरा पडल्यावर पक्कडीने एक तुकडा आत दुमडता येतो आणि उरलेला मोकळा होतो.

सायकल खोललेलीच आहे तर मागच्या चाकाचा हबही पुसून पाहावा. तो स्टर्मी-आर्चरचा तीन गिअरचा असेल तर त्यावर बहुधा दोन आकडी वर्ष ठोकलेले सापडते आणि आजोबांनी सायकल केव्हा घेतली याचा अंदाज बांधता येतो.

प्रश्न : मी गेली काही वर्षे इंग्लंडमध्ये लेस्टरला राहतो. इथे १९७०च्या दशकातली एक रेसिंग सायकल जुन्या सामानात मिळाली. फ्रेमवर रेनॉल्ड्स ५३१ चे लेबल आहे, पिलर ॲल्युमिनियमचा आहे आणि तो अडकला आहे. व्हाइसमध्ये धरून फ्रेम फिरवावी का?
— एक वाचक, लेस्टर

उत्तर : फिरवावी, पण वरच्या उत्तरातल्या जोराने नाही. रॅलेची घरगुती सायकल जाड नळ्यांची असते. रेनॉल्ड्सच्या ५३१ या हलक्या पोलादी नळ्या मध्यभागी फारच पातळ असतात आणि दोन माणसांनी जोर लावला तर पिलर सुटण्याआधी फ्रेमच पिळवटू शकते. एकट्याने, दोन्ही हात पिलरच्या शक्य तितक्या जवळ ठेवून प्रयत्न करावा आणि नळी लवचिकपणे वळल्यासारखी वाटली की सोडून द्यावे.

आपल्या सायकलीतला रोगही वेगळा आहे. ॲल्युमिनियम आणि पोलाद ओलाव्यात एकमेकांना चिकटून राहिले की दोहोंमध्ये बारीक विद्युतघटासारखी क्रिया चालू होते, त्यात ॲल्युमिनियम झिजते आणि त्याची पांढरी भुकटी फटीत दाटून बसते. लंडन असो वा लेस्टर, हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेले मीठ या कामाला हातभार लावते. गंजाचे तेल या भुकटीवर फारसे चालत नाही. उलट तापमानाचा उपयोग मात्र इथे खरा आहे, कारण ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट फुगते आणि दुप्पट आकसते. याचाच दुसरा अर्थ असा की तापवल्याने पिलर अधिकच घट्ट होतो. तो थंड करावा. पिलरच्या पोकळीत कोरड्या बर्फाचे, म्हणजे गोठवलेल्या कार्बन डायऑक्साइडचे, तुकडे जाड हातमोजे घालून भरावेत. उणे ७८ अंशांच्या या बर्फाने २७.२ मिलिमीटरचा पिलर सुमारे ०.०६ मिलिमीटर आकसतो, आणि त्याच वेळी बाहेरच्या नळीवर कोमट पाण्याचे फडके धरले तर फरक टिकतो. तेवढ्या मिनिटा-दोन मिनिटांतच पिळून पाहावे. बर्फ बंद खोलीत वापरू नये आणि पिलरचे तोंड बुचाने बंद करू नये.

कॉस्टिक सोडा नळीत ओतून पिलर विरघळवण्याची पद्धत तिथल्या कोणाकडून कानावर येईल. ती लागू पडते. सोडा ॲल्युमिनियम खातो आणि पोलादाला सोडतो. पण त्या वेळी मिश्रण उकळते, ज्वालाग्राही हायड्रोजन निघतो आणि एक शिंतोडा डोळा घालवायला पुरेसा असतो. त्यापेक्षा हॅकसॉचे पाते बरे. ॲल्युमिनियमचा पिलर त्याने तासाभरात चिरला जातो.

प्रश्न : अडकलेला पिलर कापून काढला, परंतु दुकानातून आणलेला नवा पिलर सैल बसतो आणि बोल्ट कितीही आवळला तरी गोल फिरतो. दुकानदार पत्र्याची पट्टी गुंडाळून देतो म्हणतात. चालेल का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : पट्टीची घाई करू नये. आधी नळीच्या आतली गंजाची पापडी काठीला एमरी पेपर गुंडाळून पूर्ण काढावी आणि मग सांध्याच्या तोंडाशी, फट मोकळी असताना, व्हर्निअरने दोन दिशांनी व्यास मोजावा. पिलर ०.२ मिलिमीटरच्या टप्प्यांनी वेगवेगळ्या मापांचे येतात आणि एका टप्प्याचा फरकही बोल्टाला आवळून भरून काढता येत नाही. तसे करत राहिले की सांध्याचे कान एकमेकांना टेकतात आणि पुढे आवळायला जागाच उरत नाही. जुन्या पिलरचा कापलेला तुकडा टाकला नसेल तर त्याचा न गंजलेला भाग मोजणे सर्वांत सोपे. योग्य मापाचा पिलर मिळाला की त्याला ग्रीसचा पातळ हात द्यावा, निदान अडीच इंच नळीत राहील असा बसवावा, आणि दर वर्षी पावसाळा संपल्यावर एकदा बाहेर काढून, पुसून, पुन्हा ग्रीस लावावे. सीटची उंची चुकू नये म्हणून काढण्याआधी पिलरवर सांध्यालगत चिकटपट्टीचा एक वेढा घालून ठेवावा.